द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचा रेडिएटर कसा सांभाळायचा

२०१९ साली दिवाळी उलटली तरी पाऊस थांबेना. घड बाहेर पडलेले, फुलोरा तोंडावर आलेला, आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं तासगाव तालुक्यात जिकडंतिकडं रात्रीसुद्धा औषध फवारणारे ब्लोअर घोंघावत होते. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून रात्रीची फवारणी माझ्याकडं. दोनच्या सुमाराला आठव्या ओळीत तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. मी थांबणार, एवढ्यात तो आपसूक खाली आला. मला वाटलं, गाडी निवली. मी आणखी चार ओळी मारल्या. पाचवीच्या तोंडाशी इंजिनचा आवाज बदलला, ताकद गेली आणि बॉनेटखालून वाफेचा भपका आला.

सकाळी तासगावहून आमचे मिस्त्री चाचा आले. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. त्याच्या खालचं गॅस्केट जळालेलं, हेड वाकडं झालेलं. मी त्यांना काट्याचं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, इंजनात पाणीच राहिलं नव्हतं, तर काटा कशाची गरमी दाखवणार?" तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. म्हणजे चढलेला काटा कारण नसताना अचानक पडला, तर ती सगळ्यात वाईट खूण. हेड घासणं, गॅस्केट, मजुरी धरून २८ हजार गेले. त्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. ट्रॅक्टर तीन दिवस उभा राहिला, पायपाला गन लावून माणसांनी जमेल तेवढं मारलं आणि वरच्या पट्ट्यातले घड डाऊनीनं गेले.

तेव्हापासून या ट्रॅक्टरचं पाणी, रेडिएटर, पट्टा सगळं मी स्वतः बघते. चाचांकडून विचारून विचारून शिकले, काही चुकत शिकले. आपल्या भागात बायका ब्लोअर चालवायला लागल्यात, कॉलेजची पोरं सुट्टीत चालवतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बागेतच गाडी का तापते

नांगरटीला मोठा ट्रॅक्टर तापत नाही आणि आपला छोटा बागेत तापतो, याचं कारण जागा. ब्लोअर चालवताना पीटीओ, म्हणजे मागचं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवावा लागतो, म्हणजे इंजिनावर भार पुरा. पण गाडी चालते माणसाच्या पावलानं, त्यामुळं समोरून वारा म्हणून लागत नाही. वर वेलींचा मांडव, दोन्ही बाजूंनी पानं, त्यामुळं गरम झालेली हवा तिथंच घुटमळते. आणि पाठीमागून ब्लोअर औषधाचं धुकं उडवत असतो. वारा मागून असला की तेच धुकं पुढं येतं आणि पंखा ते रेडिएटरच्या जाळीत ओढून घेतो. गंधक, कॉपर, औषध पानाला चिकटवणारं स्टिकर, त्यावर धूळ, त्यावर वाळकं पान. आठ दिवसांत जाळीवर लिंपण बसतं.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची पाव ते एक तृतीयांश उष्णता पाण्याकडं जाते. पाणी ती रेडिएटरपर्यंत आणून सोडतं. पुढं ती उचलून न्यायचं काम हवेचं. माझा भाचा फौजेत आहे. काश्मीरला असताना त्यानं गुलमर्गला बर्फावर चालणाऱ्या स्कूटर बघितल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना आपल्यासारखा पंख्याचा रेडिएटर नसतो. गरम पाणी अंगाखालच्या धातूच्या पट्ट्यांमधून फिरतं आणि चाकांच्या जागी फिरणारा रबरी पट्टा जो बर्फ उधळतो तो त्या धातूच्या पट्ट्यांवर बसून त्यांना गार करतो. कडक, उघड्या बर्फावर गेलं की भुसभुशीत बर्फ उडत नाही, आणि आजूबाजूला सगळं गोठलेलं असताना गाडी तापते! त्यानं हे सांगितलं तेव्हा मला आपली बाग आठवली. बाहेर थंडी आहे का ऊन, यावर सगळं नाही. उष्णता उचलणारं जे काही आहे, ते तिथपर्यंत पोचतंय का, ते बघायचं. आमच्याकडं नोव्हेंबरच्या गार रात्रीच गाडी तापली होती.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी तापायला लागली की आधी हवेची वाट बघायची, मग पाणी, मग झाकण, मग पट्टा. इंजिन खोलायची भाषा सगळ्यात शेवटी. चाचांकडं तापलेल्या म्हणून जेवढ्या गाड्या येतात त्यातल्या कितीतरी नुसत्या धुऊन परत जातात, हे मी त्यांच्या दुकानात बसून पाहिलंय.

जाळी आणि पापुद्रे

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसतो म्हणून स्वच्छ असतो असं नाही. पुढून हात फिरवला तर धूळ निघते, पण खरी घाण नळ्यांमधल्या पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांच्या आत असते. बघायची युक्ती सोपी आहे. दिवस मावळल्यावर, इंजिन गार असताना, पंख्याच्या बाजूनं टॉर्च रेडिएटरला लावून धरा आणि पुढून बघा. उजेड सगळीकडं सारखा दिसला पाहिजे. जिथं काळा डाग दिसतो तिथून हवा जात नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खालचा निम्मा भाग काळा होता. वर्षभर आम्ही अर्ध्या रेडिएटरवर काम काढलं होतं.

साफ करताना हवा नेहमी पंख्याच्या बाजूनं पुढं मारायची. पंखा हवा पुढून आत ओढतो, त्यामुळं कचरा आतल्या दिशेनं रुतलेला असतो. पुढून हवा मारली तर तो आणखी घट्ट बसतो. कॉम्प्रेसरची नळी वीतभर लांब धरायची आणि सरळ समोर धरायची. तिरकी धरली की पापुद्रे आडवे होतात. आधी पुढची सरकती जाळी काढून वेगळी धुवायची, बऱ्याच गाड्यांना ती असते आणि बरेच जण ती काढतच नाहीत. आमच्या गाडीत बॅटरीचा खण रेडिएटरच्या पुढं आहे. त्याच्या मागं पानांचा गठ्ठाच सापडतो.

हे करताना तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे पाहिजेतच. ती नुसती धूळ नाही, महिनाभर मारलेली सगळी औषधं तिथं वाळून बसलेली आहेत. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, पोरांना लांब ठेवायचं. गंधकाची भुकटी पेट घेते, म्हणून गरम सायलेन्सरजवळ हे काम करायचं नाही आणि शेजारी विडी ओढत कुणाला उभं करायचं नाही.

स्टिकरमुळं चिकटलेला थर हवेनं निघत नाही. त्याला कोमट पाणी आणि भांड्याचा पातळ साबण. मऊ ब्रशनं पापुद्र्यांच्या उभ्या दिशेनं लावायचं, दहा मिनिटं भिजू द्यायचं आणि साध्या नळीच्या हलक्या धारेनं, परत पंख्याच्या बाजूनंच, धुऊन काढायचं. अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं झाकून घ्या.

इथं आपल्याकडं एक चूक हमखास होते. प्रत्येकाच्या दारात एचटीपी, म्हणजे जादा दाबाचा फवारणीचा, पंप असतो आणि त्याची गन हाताशी असते. त्या गननं चाकांचा चिखल काढा, ट्रॉली धुवा, पण रेडिएटरला लावू नका. तिची धार पापुद्रे एका फटक्यात झोपवते. आमच्या धाकट्या दिरांनी चांगल्या मनानं असं धुतलं होतं. रेडिएटर चकचकीत झाला आणि हवा पहिल्यापेक्षा कमी जायला लागली. मग दोन दुपारी मी प्लास्टिकच्या बारीक फणीनं एकेक पापुद्रा सरळ करत बसले.

बोर्डो किंवा दुसरं कुठलंही कॉपर मारलं असेल तर त्याच दिवशी साध्या पाण्यानं रेडिएटर धुवा, उद्यावर टाकू नका. मात्र तो हाताला गार लागल्यावरच. हल्लीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. तांब्याचे कण ओल्या ॲल्युमिनियमवर बसून राहिले की ते धातूला खातात. पांढरी पूड दिसायला लागते आणि पापुद्रे बोटानं चुरगळतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर त्याला गंधक काळं पाडतं. दोन्ही औषधांवाचून आपली बाग चालत नाही, तेव्हा धुण्यावाचून इलाज नाही.

पाणी

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. आपण फवारणीचं पाणी पीएच बघून घेतो. क्षार मोजायचा टीडीएस मीटर खिशात घालून फिरतो. बोअरचं पाणी जड आहे म्हणून ठिबकच्या नळ्यांना ॲसिड सोडतो. आणि तेच बोअरचं पाणी डोळे झाकून ट्रॅक्टरच्या पोटात ओततो. ज्या पाण्यानं ड्रिपर बंद पडतो, त्या पाण्यानं रेडिएटरच्या चपट्या नळ्या कशा उघड्या राहतील? आंघोळीच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनात लायनरभोवती (ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो त्याभोवती) आणि हेडच्या वाटांमध्ये धरतो. तो थर उष्णता अडवतो. मग पाणी गार आणि लोखंड तापलेलं, अशी गत होते.

पूर्वेकडं कवठेमहांकाळ, जतच्या बाजूला बोअरचं पाणी आणखी जड. कृष्णाकाठच्या लोकांना वाटतं नदीचं पाणी गोड आहे, चालेल. पिण्याला गोड असलं तरी इंजिनाला ते चालतं असं नाही, क्षार त्यातही असतात.

पाणी घालायचं ते डिस्टिल्ड. पाच लिटरचा कॅन दुकानात मिळतो. घेताना "बॅटरीचं पाणी" म्हणून मागितलं तर लेबल वाचून घ्या. बॅटरीचं ॲसिड आणि डिस्टिल्ड पाणी शेजारीशेजारी ठेवलेलं असतं. आणि त्या पाण्यात कुलंट. आपल्याकडं कुलंट म्हटलं की लोक म्हणतात, ते थंड मुलखासाठी, इथं कुठं पाणी गोठतंय. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं की पेपरात फोटो येतो, तासगावात तेही नाही. खरं आहे. पण कुलंटचं गोठू न देणं हे एकच काम नव्हे. ते गंज धरू देत नाही, पाणी उकळायला जास्त तापमान लागतं आणि लायनरचं बाहेरून रक्षण होतं. डिझेल इंजिनात प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्यामुळं त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं पाडतात. नुसत्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाचा लायनर चाचांनी मला हातात दिला होता, देवीचे व्रण असावेत तसा दिसत होता. कुलंटमधली रसायनं त्याला आवर घालतात.

कॅन घेताना एकच बघा. तयार मिसळलेलं आहे का दाट आहे. तयार असेल तर तसंच ओतायचं. दाट असेल तर कॅनवर लिहिल्याप्रमाणे, बहुतेक वेळा निम्मं निम्मं, डिस्टिल्ड पाण्यात आधी बादलीत मिसळून मग ओतायचं. जास्त दाट घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं होत नाही; उष्णता वाहून न्यायला पाणीच लागतं. रंगावरून जोडी लावू नका. हिरव्यात हिरवं घातलं म्हणून जात एकच असेल असं नाही, आणि दोन जातींचं मिसळलं तर आत चिकट गाळ होऊ शकतो. गाडीच्या पुस्तकात कुठलं सांगितलंय ते वाचा, आणि पुस्तक हरवलं असेल तर जुनं सगळं काढून, आतून धुऊन नवीन एकाच कंपनीचं भरा.

कुलंट विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. कुत्रं, वासरू, कोंबडी, लहान लेकरू, कुणीही तोंड लावेल. सांडलं तर लगेच माती टाकून उचला. पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. हे मी घरात सगळ्यांना दोनदा सांगते.

वर्षातून एकदा तपासणी, दोन वर्षांनी धुणं

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. रथ झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी हे काम काढते. पुढं फळछाटणी लागली की श्वास घ्यायला सवड नसते. कुलंट दर दोन वर्षांनी बदलते, पण तपासणी दर वर्षी.

इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी. झाकण काढा, रेडिएटरच्या खालचा नळ सोडा आणि खाली घमेलं ठेवा. नुसत्या रेडिएटरच्या नळानं इंजिनातलं सगळं निघत नाही. ब्लॉकच्या बाजूला एक प्लग असतो, तोही खोला. मिस्त्रींना एकदा दाखवायला सांगा, मग आयुष्यभर लक्षात राहतो. निघालेलं पाणी निरखून बघा. विटकरी असेल तर आत गंज आहे. पांढरट कणी असेल तर क्षार. वर तेलाचा तवंग असेल तर गोष्ट गंभीर आहे, पुढचं काम थांबवून मिस्त्रींना बोलवा.

मग नळ बंद करून डिस्टिल्ड नाहीतर निदान आरओचं पाणी भरा आणि इंजिन चालू करा. वरचा होज पाईप हाताला गरम लागेपर्यंत चालू द्या. तो गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट, पाण्याची वाट उघडणारा वॉल, उघडला आणि पाणी सगळीकडं फिरायला लागलं. आणखी दहा मिनिटं चालवा, बंद करा, गार होऊ द्या, सोडा. निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत असंच. मला पहिल्या वर्षी चार वेळा करावं लागलं, आता एकदोनदात भागतं.

गंज जास्त असेल तर रेडिएटर साफ करायचं तयार औषध मिळतं, ते पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ आत ठेवायचं. ठिबकला सोडायचं ॲसिड मात्र रेडिएटरमध्ये चुकूनही ओतू नका. ओळखीच्या एका घरी असं झालंय. क्षार विरघळले, आणि दोन दिवसांनी रेडिएटरही गळायला लागला. ॲल्युमिनियम त्या ॲसिडापुढं टिकत नाही. नळ्या अगदीच बुजल्या असतील आणि रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा असेल तर टाक्या उघडून आतून सळई फिरवून देणारे कारागीर सांगली-मिरजेत आहेत. ते काम त्यांचं.

भरताना घाई नको. आमच्या गाडीला साडेचार लिटर लागतं. निघालं तेवढं मोजून ठेवलं की भरताना अंदाज चुकत नाही. बारीक धारेनं ओता, मधूनमधून वरचा होज पाईप हातानं दाबा, आत अडकलेली हवा गुडगुड करत वर येते. भरल्यावर झाकण न लावता इंजिन हळू चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, पातळी परत बघा. हमखास थोडी खाली गेलेली असते. मी रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर ऑइलपेंटनं रेघ मारून तारीख घातली आहे. जुनं कुलंट कॅनमध्ये भरून चाचांकडं देते. विहिरीच्या कडेला, गटारात किंवा उकिरड्यावर ते ओतायचं नाही.

झाकण, वॉल, पट्टा

रेडिएटरचं झाकण हे नुसतं बूच नाही, ती कुकरची शिट्टी आहे. तासगाव-सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर ९६ च्याही आत. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते तेवढ्या बारचा दाब आत धरतं आणि साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि उडून जातं. गाडी गार झाल्यावर वरचा होज पाईप आत चपटलेला दिसला तर झाकणातली हवा आत घेणारी छोटी झडप अडकलेली आहे. एका गॅरेजमध्ये आम्हाला वॉटर पंप बदलायला लावला होता. चूक निघाली झाकणाच्या रबरात. तेव्हा मोठा खर्च सांगितला तर आधी नवं झाकण लावून बघा, पण आकडा तोच पाहिजे. लाकडाची खुंटी, चिंधी, दुसऱ्या गाडीचं झाकण, यातलं काहीही नको.

थर्मोस्टॅट, ज्याला सगळे नुसतं वॉल म्हणतात, तो काढून टाकायचा सल्ला अजून सर्रास मिळतो. "वॉल काढा, गाडी गार राहील." असं करू नका. इंजिनाला ठरलेली गरमी लागते. ती मिळाली नाही तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत वॉल उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो; तो काढला तर पाणी रेडिएटरकडं न जाता आडवाटेनंच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. वॉल चांगला आहे का, हे घरी बघता येतं. स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्यानं लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी थर्मामीटर धरा. वॉलवर आकडा कोरलेला असतो, ७१ किंवा ८२ असा काही. त्याच्या जवळपास तो उघडायला लागला आणि गार झाल्यावर मिटला, तर ठीक.

पंख्याचा पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबून बघा. दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे, गाडीच्या पुस्तकातला आकडा असेल तर तोच धरा. सैल असेल तर घसरतो, चालू करताना चीं करतो आणि पंखा-पंप दोन्ही हळू फिरतात. फार ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथं ओल किंवा वाळलेला रंगीत ओघळ दिसला तर सील गेलेलं आहे, छाटणीच्या आधीच पंप बघून घ्या. पंख्याभोवती जे पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं असतं तेही जागेवर पाहिजे. एकदा दुरुस्तीनंतर आमच्या गाडीला ते परत बसवलंच नव्हतं. आम्हाला कळलं नाही, गाडी अख्खा उन्हाळा तापली. कडं नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

मामंजींच्या वेळचा हवेवर गार होणारा आयशर अजून काही घरांत चालू आहे. त्याला पाणी नाही म्हणून त्याकडं कुणी बघत नाही. त्याच्या सिलिंडरवरच्या पंखांत तेल आणि पाचटाचा भुगा बसतो, तो काढा आणि इंजिन गार करणाऱ्या पंख्याचा पट्टा तपासा. तेवढं पुरतं.

काटा चढलाच तर

ओळीच्या मध्ये इंजिन झटक्यात बंद करू नका. पीटीओ सोडा, ओळीतून बाहेर निघा, गाडीचं तोंड वाऱ्याकडं करा आणि इंजिन साध्या चालीपेक्षा थोडं वर ठेवून तीन ते पाच मिनिटं उभं राहा. भार गेला की पाणी फिरत राहतं आणि काटा हळूहळू उतरतो. अचानक बंद केलं तर पाणी जागच्या जागी उकळतं. पण वाफ येत असेल, पट्टा तुटला असेल, होज फुटला असेल किंवा काटा मी सांगितला तसा धपकन पडला असेल, तर लगेच बंद करा. पाणी नसताना एक मिनिटसुद्धा चालवायचं नाही.

नंतर थांबा. तासभर तरी. झाकणाला हात लावायचा नाही. आमच्या शेजारच्या पोरानं फवारणी अडलीय म्हणून दहा मिनिटांत झाकण फिरवलं. उकळतं पाणी कोपरापर्यंत आलं आणि पंधरा दिवस मिरजेला दवाखान्यात काढले. बाहेरून इंजिनावर किंवा रेडिएटरवर बादलीनं पाणी मारायचं नाही, तापलेलं हेड तडकतं. हात लावून रेडिएटर कोमट लागला की जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. आधी बंद इंजिनातच बारीक धारेनं थोडं पाणी घाला, मग इंजिन चालू करून बाकीचं हळूहळू भरा.

भरल्यावर झाकण उघडं ठेवून आत बघा. बुडबुडे थांबतच नाहीत, ऑइलची पट्टी काढली तर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसतंय, किंवा गरम इंजिनच्या सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय, यातलं एक जरी असलं तरी गॅस्केट गेलं असं धरा आणि गाडी ओढत न्या. चालवत नेऊ नका.

माझ्या टूलबॉक्समध्ये आता एक पट्टा, एक झाकण, दोन होज क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि पाच लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा भरलेला कॅन असतो. कॅनवर मी मोठ्या अक्षरात "ट्रॅक्टरचं पाणी, पिऊ नये" असं लिहिलंय, कारण बागेत छाटणीला आलेल्या बायका तहान लागली की दिसेल तो कॅन उचलतात.